लोणार सरोवरातील सूक्ष्मजीव

महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील खाऱ्या व तीव्र अल्कधर्मी सरोवराच्या पाण्यात, तळगाळात आणि काठावरच्या क्षारथरांत वसणारा जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखेच एकपेशीय, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) व नीलहरित जीवाणू (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) यांचा समुदाय. सरोवराच्या पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, १० च्या आसपास असतो; हाताला ते साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीत लागते आणि त्यात सहसा मासे जगत नाहीत. तरीही या पाण्याचा रंग, काठावरचा उग्र वास आणि काही अंशी त्याचा अल्कधर्मही सूक्ष्मजीवांमुळेच असल्याने, पर्यावरणातील सूक्ष्मजीवांच्या सार्वत्रिक वावराचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

हा समुदाय समजून घ्यायचा तर विवराच्या उत्पत्तीचा व वयाचा प्रश्न टाळता येत नाही. सुमारे १.८ किमी. व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात आहे. ‘आइन-इ-अकबरी’त या सरोवराचा आणि तेथे मिळणाऱ्या, काच व साबण बनविण्यास उपयोगी पडणाऱ्या क्षारांचा उल्लेख आहे, यूरोपीय अभ्यासकांचे लक्ष १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या वृत्तांतामुळे तिकडे गेले. आजूबाजूचा सर्व प्रदेश लाव्ह्याचा असल्यामुळे विवरही ज्वालामुखीजन्य असावे, असे दीर्घकाळ मानले गेले. अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखविले, मात्र त्या काळी तेही दोन्ही विवरांचा उगम भूगर्भीय स्फोटात शोधत होते. १९६४ मध्ये लाफाँड व डिट्झ यांनी अशनीपाताचा, म्हणजे अवकाशातून आलेला खडक आदळल्याचा, पक्ष मांडला आणि १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी छिद्रणातून मिळालेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट दाखविले. प्लॅजिओक्लेज खनिजाला प्रचंड आघाताचा दाब बसल्यानेच हे काचरूप तयार होत असल्यामुळे अशनीपाताचे मत तेव्हापासून सर्वमान्य झाले आहे. वयाबाबत असे एकमत नाही. उष्मादीप्ती (तापविलेल्या खनिजातून निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढण्याच्या) पद्धतीने सु. ५२,००० वर्षे, तर आर्गॉन समस्थानिकांवरून सु. ५,७०,००० वर्षे असे निष्कर्ष निघाले आहेत. वितळून थिजलेल्या खडकांच्या मापनासाठी दुसरी पद्धत अधिक भरवशाची असल्याने ते वय ग्राह्य धरणे सयुक्तिक वाटते. कोणतेही वय मानले तरी हा अधिवास भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडचा ठरतो.

आघाताने केवळ खोलगट पात्र दिले, क्षार दिले नाहीत, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. बेसाल्टच्या झिजेतून सुटणारी द्रव्ये ओढे व झरे यांच्या पाण्याबरोबर पात्रात येतात. पाण्याला बाहेर जाण्यास वाट नसल्याने बाष्पीभवनाने ती साठत जातात. कॅल्शियम व मॅग्नेशियम कार्बोनेटांच्या रूपाने खाली बसतात आणि पाण्यात प्रामुख्याने सोडियमची कार्बोनेटे व क्लोराइड उरतात. काठावर सुकणाऱ्या या क्षारांना त्यांच्या स्वरूपानुसार डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी स्थानिक नावे होती. या रासायनिक प्रक्रियेत सूक्ष्मजीवांचाही हात आहे. नीलहरित जीवाणू प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड खेचून घेतात, तर प्राणवायूविरहित गाळातील जीवाणू सल्फेटाचे क्षपण करतात, म्हणजे त्यातील ऑक्सिजन काढून घेतात. या दोन्ही क्रियांनी पाणी अधिक अल्कधर्मी होते. काठाचा काळा चिखल काठीने ढवळला की येणारा सडक्या अंड्यांसारखा वास या सल्फेट-क्षपणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि चिखलाचा काळेपणा लोहाच्या सल्फाइडाचा.

सरोवराचा नेहमीचा हिरवा रंग नीलहरित जीवाणूंचा, विशेषतः पूर्वी स्पिरुलिना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आर्थ्रोस्पिराचा, आहे. हिरव्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मळसूत्रासारखे पिळदार तंतू सर्वत्र पसरलेले दिसतात. पाणी ओसरल्यावर हेच तंतू काठच्या दगडांवर हिरव्या कागदासारखे वाळतात. पूर्व आफ्रिकेतील सोडा-सरोवरांतही हीच प्रजाती विपुल आहे. हजारो किलोमीटर अंतरावरील पाण्यांत असे साम्य का आढळते, या प्रश्नाला १९३४ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी दिलेले उत्तर, की सूक्ष्मजीव सर्वत्र पोहोचतात आणि परिसर त्यांतून निवड करतो, लोणारला पुष्कळसे लागू पडते. तथापि येथूनच प्रथम वेगळ्या केलेल्या जातींवरून केवळ या सरोवरापुरते मर्यादित जीवाणूही असू शकतील, ही शक्यता उरते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील (सीसीएमबी) संशोधकांनी वर्णिलेल्या इंडिबॅक्टर अल्कालिफिलस व सेसेम्बिया लोनारेन्सिस या अशाच जाती होत. दुसरीच्या प्रजातिनामात त्या संस्थेची आद्याक्षरे व जातिनामात लोणार आहे.

अल्कधर्मी पाण्यात जगणाऱ्या जीवाणूपुढची मुख्य अडचण पेशीच्या आतला सामू बाहेरच्यापेक्षा कमी राखण्याची असते. त्यांच्या पेशीपटलातील प्रथिने सोडियम आयन बाहेर टाकून त्याच्या बदल्यात प्रोटॉन (सामू उतरविणारे हायड्रोजन आयन) आत घेतात, म्हणजे ज्या सोडियमने पाणी इतरांना असह्य होते तोच येथे जगण्याचे साधन बनतो. गाळात मिथेन निर्माण करणारे आर्किया आणि तो मिथेन वापरणारे जीवाणू असे दोन्ही गट आढळतात. सल्फेट-क्षपण करणारे जीवाणू हायड्रोजन व ॲसिटेट यांसाठी मिथेनजनकांशी स्पर्धा करीत असल्याने, खाऱ्या गाळात मेथिलअमाइनांसारख्या, त्या स्पर्धेत न सापडणाऱ्या, संयुगांपासून मिथेन तयार होण्यास महत्त्व येते. येथील अल्कप्रिय बॅसिलसांची प्रथिनभंजक विकरे (एन्झाइमे) साबण-चुऱ्याच्या उद्योगास उपयुक्त असल्याने त्यांचाही अभ्यास झाला आहे.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि हे सूक्ष्मजीव अचानक सर्वांच्या नजरेस आले. प्रारंभी ड्युनालिएला हे लाल रंगद्रव्य साठविणारे शैवाल कारणीभूत असावे, असा तर्क होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या परीक्षणात मात्र रंग लवणप्रिय आर्कियांचा, म्हणजे हॅलोआर्कियांचा, असल्याचे आढळले. नमुना स्थिर ठेवल्यावर जीवभार तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ, रंगहीन राहिले. या साध्या निरीक्षणाने एवढे निश्चित होते की रंग पाण्यात विरघळलेला नसून पेशींतच होता. हॅलोआर्किया पेशीत पोटॅशियम क्लोराइड साठवून बाहेरच्या लवणतेचा तोल सांभाळतात, आणि त्यांच्या गुलाबी कॅरोटिनॉइडांमुळे प्रखर उन्हापासून त्यांचे रक्षण होते. उन्हाळ्यात पाणी आटून लवणता वाढल्यामुळे त्यांची बेसुमार वाढ झाली असावी. पावसाचे पाणी मिसळल्यावर रंग ओसरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. संरक्षणाच्या चर्चेत विवर, मंदिरे व पक्षी यांचा उल्लेख होतो, सूक्ष्मजीवांचा सहसा होत नाही, ही उणीव खटकणारी आहे. सरोवरास मिळणाऱ्या, ‘धार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झऱ्यासारख्या झऱ्यांचे पाणी गोडे आहे, आणि गावाकडील सांडपाणीही पात्राकडे वाहून आलेले आहे. अशा पाण्याने लवणता व सामू दोन्ही उतरतात, नायट्रोजन व फॉस्फरस वाढतात, आणि अल्कप्रिय जीवाणूंच्या जागी सर्वसाधारण तळ्यांतील जाती शिरकाव करू शकतात. गाळातून थेट मिळविलेल्या डीएनएत आढळणारे बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत अजून वाढविता आलेले नाहीत. त्यांचे जतन करण्याचे ठिकाण तूर्त सरोवर हेच आहे.