घाईत ठरलेलं काडतूस आणि पन्नास वर्षांची अडचण

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोज हा स्फोटक पदार्थ इथर आणि अल्कोहोलमध्ये मळून त्याचे पातळ पापुद्रे कापले आणि बंदुकीची निर्धूर दारू तयार केली. जुनी काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो. धूर आणि नळीत साचणारी काजळी त्यातूनच येते. नव्या दारूचा मात्र जवळजवळ सगळाच वायू होतो. त्यामुळे गोळी बारीक करून तिचा वेग खूप वाढवता आला. फ्रान्सच्या जुन्या ग्रास रायफलची ११ मिमी गोळी सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने सुटायची, तर तिच्या जागी आलेल्या लेबेल रायफलची ८ मिमी गोळी ६०० मीटरच्या पुढे गेली. या वेगात नुसतं शिसं नळीतल्या पेचदार खाचांना धरून राहत नाही, सोलून निघतं. म्हणून गोळीवर तांबं-निकेलचं आवरण चढलं.

फ्रान्सचे युद्धमंत्री बूलांजे यांना नवी रायफल ताबडतोब हवी होती. वेळ वाचावा म्हणून ग्रासच्याच काडतुसाचा रुंद, बाहेर कडा असलेला तळ ठेवला आणि पुढचा भाग ८ मिमीपर्यंत आवळला. तयार झालं ते बुडाशी जाड, पुढे झपाट्याने निमुळतं होणारं काडतूस. माझ्या मते १८८६ च्या लेबेलची खरी कमजोरी बोल्टमध्ये (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यात) नव्हती, या आकारात होती.

लेबेलची ८ काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसत. ती एकेक करूनच भरावी लागत, आणि गोळ्या संपत जातील तसा रायफलचा तोल बदलत जाई. नळीत प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, आणि तिथेच मध्यभागी स्फोटक टोपी असते. १८९८ मध्ये टोकदार पितळी गोळी आली तेव्हा हा धोका वाढला. टोक टोपीवर न टेकता बाजूला अडकावं म्हणून काडतुसाच्या बुडावर टोपीभोवती गोल खाच पाडावी लागली.

इतर देश तोवर बोल्टच्या खालच्या, काडतुसं ठेवायच्या पेटीकडे वळले होते. ही कल्पना जेम्स ली यांची, १८७९ ची. आपल्याकडच्या थ्री-नॉट-थ्रीतही तीच आहे. ऑस्ट्रियाच्या मानलिखरने ५ काडतुसं क्लिपसकट, म्हणजे त्यांना एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या पकडीसकट, पेटीत घालायची सोय केली. शेवटचं काडतूस वर सरकलं की रिकामी क्लिप तळाच्या भोकातून खाली पडते. भरणं झटपट होतं, पण त्याच भोकातून चिखल आत शिरतो. शिवाय दोनच गोळ्या झाडल्या असतील तर मधेच सुटं काडतूस भरता येत नाही.

हा पेच जर्मनीच्या माउझरने सोडवला. १८९३ च्या स्पॅनिश रायफलीत पट्टीवरची ५ काडतुसं अंगठ्याने खाली दाबायची आणि पट्टी बाहेरच ठेवायची. आत ती डावी-उजवी अशी आळीपाळीने बसतात, त्यामुळे पेटी लाकडी दस्त्याखाली डोकावत नाही आणि तळ पूर्ण बंद राहतो. हे जमलं ते ७ मिमी काडतुसाला बाहेर आलेली कडा नव्हती म्हणून. कडा असली आणि वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली, की बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. रशियाच्या १८९१ च्या मोसिन रायफलीत याचसाठी खालचं काडतूस दाबून धरणारा वेगळा अटकाव बसवावा लागला.

फ्रेंच घोडदळाला लांबलचक लेबेल चालत नव्हती. त्यांच्यासाठी १८९० मध्ये बर्थिए कार्बाइन (आखूड रायफल) आली, तीही मानलिखरसारख्या क्लिपची. पण निमुळती काडतुसं एकावर एक रचली की ढीग पंख्यासारखा वाकतो, आणि ५ काडतुसांची पेटी खाली लोंबू लागते. त्यामुळे क्लिप ३ काडतुसांचीच ठेवली. समोर जर्मनांकडे ५ गोळ्यांची माउझर असताना ही उणीव पहिल्या महायुद्धात फार जाणवली आणि १९१६ मध्ये लोंबती पेटी पत्करून क्लिप ५ वर नेली. बाहेर कडा नसलेल्या ७.५ मिमी काडतुसाची, पट्टीने भरायची मास रायफल फ्रान्सने स्वीकारली ती १९३६ साली.