शरद सरताना: सण, चंद्र आणि अकरा दिवसांचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या चार वर्षांच्या तारखा एकाखाली एक लिहून पाहा. २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर आणि २०२६ मध्ये ८ नोव्हेंबर. सण दोनदा अकरा-अकरा दिवस मागे आला आणि मग एकदम अठरा दिवस पुढे गेला. या चार तारखांत हजारो वर्षांचं एक कोडं दडलेलं आहे. शरद सरून थंडी सुरू होईपर्यंत वेगवेगळ्या धर्मांचे जे सण एकामागून एक येतात, त्यांच्या तारखा म्हणजे त्या कोड्याची वेगवेगळी उत्तरं आहेत.

कोडं असं. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस भरतात. ऋतूंचं चक्र मात्र सूर्यावर चालतं आणि त्याला ३६५ दिवस आणि जवळजवळ सहा तास लागतात. दोन्हींत सुमारे अकरा दिवसांचा फरक पडतो. एकाला दुसऱ्याने पूर्ण भाग जात नाही, कधीच जाणार नाही. मग सण कोणाच्या बाजूने ठेवायचा, चंद्राच्या की सूर्याच्या?

इस्लामने चंद्र निवडला आणि त्यात तडजोड ठेवली नाही. जादा महिना घालून वर्ष लांबवण्याची जुनी पद्धत कुराणाच्या नवव्या सूरेतच नाकारलेली आहे. त्यामुळे ईद दरवर्षी अकराएक दिवस मागे येते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून परत त्याच जागी पोहोचते. २००४ साली ईद-उल-फित्र नोव्हेंबरच्या मध्यावर होती. उन्हाळ्यातले लांब रोजे आणि हिवाळ्यातले आखूड रोजे अशा दोन्हींचा वाटा जगाच्या प्रत्येक भागातल्या माणसाला आयुष्यात मिळतो. मला हे या गणिताचं मोठं देणं वाटतं.

ज्यू पंचांगाने चंद्र ठेवला, पण त्याला सूर्याशी बांधून घातलं. १९ सौरवर्षं आणि २३५ चांद्रमास यांची लांबी जवळजवळ सारखी भरते, फरक पडतो तो जेमतेम दोन तासांचा. अथेन्सचा ज्योतिषी मेटन याच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं. त्याचा काळ इ.स.पू. ४३२ च्या आसपासचा, पण बॅबिलोनियातल्या ज्योतिषांनाही ते माहीत होतं. म्हणून ज्यू पंचांगात १९ वर्षांतून ठरलेल्या सात वर्षी तेरावा महिना येतो. हनुक्का हा आठ दिव्यांचा सण त्यामुळे किसलेव महिन्याच्या २५ तारखेला धरला, तरी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरअखेर यांच्यामध्येच राहतो. २०१३ मध्ये तो २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला होता, २०२४ मध्ये २५ डिसेंबरच्या संध्याकाळी.

भारतीय पंचांगात तेराव्या महिन्याचा नियम वेगळा आहे. तिथे ठरलेली वर्षं नाहीत, आकाशच निर्णय देतं. ज्या चांद्रमासात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातच नाही, तो महिना अधिक. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. मागे मागे सरकत आलेली दिवाळी त्या एका महिन्याने पुन्हा पुढे ढकलली जाते. वरचं अठरा दिवसांचं कोडं इथे सुटतं.

पण २०२४ ची दिवाळी आठवते? काही ठिकाणी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला झालं, काही ठिकाणी १ नोव्हेंबरला, आणि पंचांगकर्त्यांमध्ये वाद रंगला. तो वाद जवळून पाहण्यासारखा आहे. तिथी म्हणजे दिवस नव्हे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्याचा वेग बदलत राहतो, पृथ्वीजवळ असताना तो झपाट्याने जातो, लांब असताना रेंगाळतो. म्हणून तिथी कधी विसाएक तासांत आटोपते, तर कधी साडेसव्वीस तासांच्याही पुढे जाते. त्या वर्षी २९ ऑक्टोबरच्या सुमारास चंद्र पृथ्वीपासून सर्वांत लांब, चार लाख सहा हजार किलोमीटरवर होता. साहजिकच अमावास्या लांबली. ती ३१ तारखेला दुपारी चारच्या थोडं आधी लागली आणि १ तारखेला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. दोन्ही संध्याकाळी अमावास्या होती आणि पूजन तर संध्याकाळीच करायचं. दोन्ही बाजूंची गणितं बरोबर होती. प्रश्न फक्त कोणत्या संध्याकाळला मान द्यायचा एवढाच होता.

याच अमावास्येवर इतरांचंही लक्ष असतं. जैन परंपरेत तो भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस आहे. गुरू हरगोबिंदांच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून शीख त्याच दिवशी बंदी छोड दिवस पाळतात. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला १८१७ सालचे, त्यांची वार्ता देणारे बाब १८१९ सालचे, आणि हिजरी पंचांगात दोघांचे जन्मदिवस लागोपाठचे. २०१५ पासून जगभरचे बहाई हे दोन दिवस वसंतातल्या नवरोजनंतरच्या आठव्या अमावास्येच्या पुढच्या दोन दिवशी साजरे करतात आणि वेळ तेहरानची धरतात. ती आठवी अमावास्या बहुतेक वर्षी दिवाळीचीच असते. २०२४ मध्ये बहाईंचे सण २ आणि ३ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २२ आणि २३ ऑक्टोबरला. २०२३ मध्ये मात्र ते १६ आणि १७ ऑक्टोबरलाच होऊन गेले आणि दिवाळी महिनाभराने आली. एका पंचांगाने अधिक महिना मोजला, दुसऱ्याला त्याची गरजच नव्हती.

अमावास्येला दिवे का, हे वेगळं सांगायला नको. हनुक्काचे आठ दिवसही महिन्याच्या अखेरीपासून पुढच्या महिन्याच्या आरंभापर्यंत पसरलेले असतात. चंद्र मधल्या दिवसांत दिसेनासा होतो आणि उत्तर गोलार्धात रात्रीही लांबलेल्या असतात. वर्षातल्या सर्वांत काळोख्या रात्रींच्या आसपास रोज एक ज्योत वाढवत नेणारा हा सण आहे.

दिवाळीच्या अमावास्येनंतर पंधरा दिवसांनी पारडं फिरतं. कार्तिक पौर्णिमेला गुरू नानकांची जयंती असते. २००३ मध्ये शिखांचं नानकशाही पंचांग सूर्यावर आधारून नव्याने मांडलं गेलं, तरी हा दिवस चंद्राकडेच राहिला. थायलंडमध्ये त्याच पौर्णिमेच्या सुमारास लोय क्रथोंग असतो, पानांच्या तराफ्यांवर दिवे ठेवून ते पाण्यात सोडतात. म्यानमारमध्ये तझाउंगडाईंगचे दिवे लागतात.

कंबोडियातला बोन ओम तूक हा जलोत्सव मात्र निसर्गाच्या एका विलक्षण घटनेशी जोडलेला आहे. टोनले साप नावाचं मोठं सरोवर एका नदीने मेकाँगला जोडलेलं आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी या नदीतून उलटं सरोवरात शिरतं. कोरड्या दिवसांत सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असलेलं सरोवर तेव्हा १०,००० चौरस किलोमीटरच्याही पुढे पसरतं, झाडं बुडतात आणि मासे त्या बुडालेल्या रानात वाढतात. पाऊस सरला, मेकाँग उतरली की त्या नदीचा प्रवाह दिशा बदलतो आणि सरोवराचं पाणी मेकाँगकडे वाहू लागतं. नोव्हेंबरच्या सुमारास येणारा हा सण त्या परतीच्या पाण्याचा, होड्यांच्या शर्यतींचा.

कार्तिक हे नावही आकाशातून आलेलं आहे. या महिन्यातल्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिका नक्षत्राच्या आसपास असतो. सूर्य मावळत असताना पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की चंद्र वर येतो आणि त्याच्याजवळच कृत्तिकांचा झुबकाही उगवत असतो. चंद्राच्या उजेडात तो शोधायला दुर्बीण लागते. चारपाच दिवसांनी, चंद्र उशिरा उगवू लागला की तोच झुबका नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतो. उत्तर गोलार्धात थंडीतला पूर्ण चंद्र आकाशात फार उंच चढतो, कारण पौर्णिमेला तो सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, म्हणजे चंद्र उत्तरेकडे. दक्षिण गोलार्धात याच्या उलट, आणि तिथे हे सगळे सण वसंतात येतात.

काही सण चंद्राचा विचारच करत नाहीत. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. याच सुमारास आयर्लंडचा जुना साविन सण येतो. शरदसंपात, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, आणि डिसेंबरातला दक्षिणायनाचा शेवट यांचा नेमका मध्य ७ नोव्हेंबरच्या आसपास येतो, आणि चिनी पंचांगातला हिवाळ्याचा आरंभ, लीतुंग, त्याच बिंदूवर धरलेला आहे. संत लुसियाचा १३ डिसेंबर आज सर्वांत लांब रात्रीचा नाही, पण चौदाव्या शतकात होता. जुन्या ज्युलियन पंचांगाचं वर्ष सव्वा अकरा मिनिटांनी मोठं होतं, त्यामुळे तारीख दर १२८ वर्षांनी एका दिवसाने घसरत गेली.

बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीची बाराव्या महिन्यातली आठवी तिथी तर एकाच परंपरेत दोन ऋतूंत विभागली गेली. जपानने १८७३ मध्ये ग्रेगोरियन पंचांग स्वीकारल्यावर तिथे ती ८ डिसेंबरला पक्की झाली. चीनमध्ये ती अजून चंद्रावरच मोजतात आणि बहुधा जानेवारीत येते.

आता पुढची एक तारीख. २०३७ च्या नोव्हेंबरात ७ तारखेला अमावास्या आहे. २०१८ मध्येही ती ७ नोव्हेंबरलाच होती, मधे बरोबर १९ वर्षं. त्या एका अमावास्येभोवती दिवाळी असेल, लगोलग बहाईंचे दोन जन्मदिवस असतील, आणि ३३ वर्षांनी फिरून आलेली ईद-उल-फित्र त्याच अमावास्येनंतर दिसणाऱ्या चंद्रकोरीच्या आधाराने ठरेल.