भाड्याची खोली आणि जोडप्याचं सोंग

सड्या पुरुषाला कोणी भाड्याने खोली देत नाही. आपल्या विनोदी सिनेमाने या अडचणीवर बरीच वर्षं गुजराण केली. हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये (१९६६) मित्र बायकांची सोंगं घेऊन घर मिळवतात. त्यावरूनच १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' आला. पुण्यातल्या लीलाबाई काळभोरांना जोडपीच भाडेकरू हवीत, मग परशाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. 'हा माझा बायको पार्वती' हे वाक्य आजही लोकांना पाठ आहे. साडीत परशा आहे हे लीलाबाईंना माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, त्यामुळे आपण निर्धास्त हसतो. दोन पुरुष एकत्र नांदताहेत, असा विचार त्या हसण्यात कोणाला शिवत नाही.

हे हसणं तमाशातून आलं. गवळणीत गौळणींबरोबर बाजाराला निघालेली मावशी पुरुषच रंगवतो. फडातल्या नाच्याची मात्र बोर्डावरून, म्हणजे रंगमंचावरून, उतरल्यावरही कुचेष्टा होते. 'नटरंग'ने (२०१०) ती दाखवली, पण तो विनोदी सिनेमा नव्हता.

हिंदीत सोंग नसलेला, खरोखरचा समलिंगी माणूस आला तोही चेष्टेचा विषय होऊनच: 'मस्त कलंदर'मधला (१९९१) अनुपम खेरांचा पिंकू, डोक्यावर रंगवलेला तुरा. त्यावर कोणी दगड उचलला नाही. दीपा मेहतांच्या 'फायर'ने दोन जावांचं प्रेम गांभीर्याने मांडलं, तेव्हा डिसेंबर १९९८ मध्ये शिवसैनिकांनी मुंबईतली थिएटरं फोडली. हसू असेल तर चालतं, हे निर्मात्यांना तेव्हा नीटच कळलं असणार.

'कल हो ना हो'तली (२००३) घरकाम करणारी कांताबेन म्हणजे सुलभा आर्य. शाहरुख आणि सैफला एका पलंगावर बघून तिचा चेहरा पांढराफटक पडतो. इथे हशा तिच्या घाबरण्यावर आहे, निदान बराचसा. (मीही पोट धरून हसलो होतो, नाकारत नाही.)

नोव्हेंबर २००८ मध्ये 'दोस्ताना' आला आणि बनवाबनवीचीच युक्ती मायामीला पोचली. फ्लॅट हवा, घरमालकीण तरुण मुलांना ठेवायला तयार नाही, म्हणून अभिषेक आणि जॉन जोडपं असल्याचं सांगतात. लुगडं गेलं, खोटं नातं उरलं. अभिषेकची आई झालेली किरण खेर जॉनला सुनेसारखं घरात घेते, ते दृश्य मला सगळ्यात धीट वाटतं, कारण आई रडते, चिडते आणि शेवटी मानते. नायक मात्र पक्के बाईवेडे आहेत, याची हमी सिनेमा दर दहा मिनिटांनी देत राहतो. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये ते सैल केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा आवळलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढून टाकलं.

त्यानंतर 'शुभ मंगल ज्यादा सावधान' (२०२०) आला, पण खोलीची गोष्ट पुढे नेली ती हर्षवर्धन कुलकर्णींच्या 'बधाई दो'ने (२०२२). शार्दूल पोलीस, सुमन शाळेत पीटी शिकवते. दोघंही समलिंगी. घरचे लग्नासाठी मागे लागलेत म्हणून एकमेकांशीच लग्न करून पोलीस क्वार्टरमध्ये संसार थाटतात. सुमनची प्रेयसी त्याच घरात राहायला येते, शेजाऱ्यांना ती नात्यातली म्हणून सांगितलेली. बेल वाजली की धावपळ तीच, परशा पदर सावरायचा तशी. फक्त इथे नवरा-बायको हेच सोंग आहे.