मॅक फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये एक समज अजून ऐकू येतो: राउटरमध्ये ठरावीक मोबाइलचेच मॅक पत्ते (वायफायवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) भरले की वायफायला पासवर्ड नको. हे साफ चूक आहे. 'ए४:५एफ' अशा ६ जोड्यांचा हा पत्ता हवेतून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर उघडाच असतो. वायफायचं डब्ल्यूपीए२ हे पासवर्डवालं संरक्षण सुद्धा आतला मजकूर झाकतं, पत्ता नाही. शेजारच्या खोलीतलं कुणीही तो वाचून स्वतःच्या लॅपटॉपला लावू शकतं.

अडतात ती आपलीच पोरं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून बहुतेक फोन वायफायला मूळ पत्त्याऐवजी बदललेला पत्ता दाखवतात. मूळ पत्ता यादीत असूनही फोन जोडलाच जात नाही. परीक्षेच्या तोंडावर हा ताप कशाला?

राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ ही नवी आवृत्ती, नसेल तर डब्ल्यूपीए२ निवडा, लांब पासवर्ड ठेवा आणि पोरांना गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वायफाय) वेगळं द्या.