वल्हांडण हा शत्रूच्या मरणाचा उत्सव नव्हे

ज्यूंचा वल्हांडण, म्हणजे पेसाह, हा मिसरी (इजिप्तच्या) लोकांच्या नाशाचा जल्लोष आहे असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे चूक आहे. सण मिसरातल्या गुलामीतून इस्राएलींच्या, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांच्या, सुटकेचा आहे, आणि मेलेल्या शत्रूची आठवण त्यात आनंद कमी करण्यासाठी येते.

सेदरच्या, म्हणजे सणाच्या विधिपूर्वक जेवणाच्या, रात्री देवाने मिसरावर आणलेल्या दहा पीडांची (संकटांची) नावे घेताना प्रत्येक नावाला प्याल्यातून द्राक्षरसाचा एक थेंब काढून टाकतात. दुसऱ्यांच्या दुःखामुळे आपला प्याला भरलेला राहू नये, असा त्याचा अर्थ अनेक घरांत मुलांना सांगतात. मला हा थेंब सणाचा गाभाच वाटतो.

तालमुद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात कथा आहे: इस्राएलींचा पाठलाग करणारे मिसरी सैन्य समुद्रात बुडताना देवदूत गाऊ पाहत होते, तेव्हा देवाने विचारले, माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाता? सणाच्या अखेरच्या दिवसांत हालेल ही स्तुतीची स्तोत्रे अपुरी म्हणण्यामागे एका परंपरेनुसार हेच कारण आहे.

समुद्र ओलांडल्यावर इस्राएलींनी गायलेले विजयगीत तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, आहे, सातव्या दिवशी ते वाचतातही. ते लपवायचे कारण नाही. पण सेदरच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, प्रत्येकाला सांगते ते वेगळेच: मिसरातून आपण स्वतः बाहेर पडलो असे समजा. म्हणून ताटात बेखमीर (पीठ न आंबवता केलेली) भाकरी, आणि गुलामीची चव देणारी कडू भाजी.