रेशनचा इष्टांक आणि यादीबाहेरची घरे

गेल्या काही काळात राज्यातल्या जवळपास प्रत्येक रास्त भाव दुकानावर एकच सूचना चिकटलेली दिसली: ई-केवायसी, म्हणजे आधार आणि अंगठ्याच्या ठशाने ओळख पडताळणी, करून घ्या, अन्यथा धान्य बंद होईल. मुदत संपत आली की दुकानापुढे रांग लागायची आणि मग मुदतवाढीचे पत्र यायचे. तहसील कार्यालयाची ही पत्रे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत राहिली. मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे काढून टाकायची, हा त्यामागचा सरकारी हेतू. तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण रेशनच्या यादीतून एक नाव निघणे किंवा तिच्यात एक नाव चढणे एवढे अवघड का झाले, याचे उत्तर या पत्रांत सापडत नाही. ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या निर्णयांत आहे.

मुंबईत रेशन आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, टंचाईवरचा उपाय म्हणून. स्वातंत्र्यानंतर ते कधी सैल, कधी घट्ट होत टिकून राहिले आणि 1965 मध्ये भारतीय अन्न महामंडळ उभे राहिल्यावर त्याला कायमचा पाया मिळाला. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, खाल्ली. दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडी या पौष्टिक खाण्याची आठवण त्या पिढीत अजून आहे. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरोधी महिला समिती उभी केली. लाटणे मोर्चे निघाले. धान्य, साखर, तेल, रॉकेल वेळेवर आणि रास्त भावात मिळावे, ही त्या बायकांची मागणी होती. रेशनवर गरीब कोण आणि श्रीमंत कोण, हा प्रश्न तेव्हा मुख्य नव्हता. दुकान सर्वांसाठी होते, भांडण पुरवठ्याचे होते.

जून 1997 मध्ये हे बदलले. केंद्राने लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था आणली आणि दारिद्र्यरेषेखालचे व वरचे असे दोन भाग पाडले. महाराष्ट्राने 1 मे 1999 पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका दिल्या. वार्षिक 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असेल तर पांढरी. पिवळ्या कार्डाच्या अटी आज वाचल्या तरी थक्क व्हायला होते. घरात टेलिफोन नको, चारचाकी नको, कुणी व्यवसाय कर भरणारा नको, जिरायत जमीन दोन हेक्टरच्या आत हवी. वर्षाला 15,000 म्हणजे संपूर्ण कुटुंबाचे दिवसाचे 41 रुपये. बांधकामावर दोघे नवरा-बायको जाणारे शहरातले घरही या रेषेच्या वर जायचे. झोपडपट्टीत राहणारी कितीतरी कुटुंबे अशी केशरी झाली आणि स्वस्त धान्याला मुकली. मुंबईत रेशनिंग कृती समितीने यावर वर्षानुवर्षे झगडा दिला.

ज्यांना पिवळे कार्ड मिळाले त्यांचा वाटा मात्र वाढत गेला. सुरुवातीला कुटुंबाला महिन्याला 10 किलो, 2000 पासून 20 किलो आणि 2002 पासून 35 किलो. सर्वांत गरिबांसाठी डिसेंबर 2000 मध्ये अंत्योदय योजना आली. 2001 मध्ये गोदामे भरलेली असताना लोक उपाशी का, असा सवाल घेऊन पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या खटल्यातल्या अंतरिम आदेशांनी अन्न हा हक्काचा विषय केला आणि त्याच वाटेने 2013 चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी 2014 मध्ये सुरू झाली.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे मोजणी कुटुंबावरून माणसावर आली. अंत्योदयाचे 35 किलो तसेच राहिले, पण कायद्याखालच्या बाकीच्या कुटुंबांना, म्हणजे प्राधान्य कुटुंबांना, माणशी 5 किलो झाले. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये. आठ माणसांच्या घराला 40 किलो मिळू लागले, पण म्हातारा-म्हातारी आणि एक विधवा मुलगी अशा तीन माणसांचे पिवळे कार्ड 35 वरून थेट 15 किलोवर आले. कायदा आल्यावर आमचे धान्य कमी झाले, अशी तक्रार तेव्हा गावोगाव ऐकू यायची. ती खोटी नव्हती.

दुसरी गोष्ट इष्टांकाची. इष्टांक म्हणजे यादीत जास्तीत जास्त किती लोक घ्यायचे याचा ठरवून दिलेला आकडा. पुरवठा खात्यात हा शब्द सतत कानावर येतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातले 76.32 टक्के आणि शहरी भागातले 45.34 टक्के लोक कायद्याखाली येतील असे ठरले. 2011 च्या जनगणनेवर हे लावून राज्याचा आकडा निघाला सुमारे 7 कोटी. मग तो जिल्ह्याजिल्ह्याला आणि तालुक्यातालुक्याला वाटून दिला गेला. पिवळी आणि अंत्योदय कार्डे यादीत आपोआप आली. उरलेल्या जागा केशरीतून भरल्या. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये ठेवली. ज्यांच्या कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का बसला ते आत, बाकीचे केशरी बाहेर. पुढची दहा वर्षे ही मर्यादा जागची हलली नाही. मजुरी वाढली, महागाई वाढली, लग्ने झाली, घरे वेगळी झाली, मुले जन्मली. तालुक्याचा इष्टांक तेवढाच राहिला. म्हणून तहसीलात पात्र माणसालाही ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळते. माझ्या मते रेशनच्या आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका वाक्यात आहे.

बाहेर राहिलेल्यांसाठी राज्याने अधूनमधून वेगळ्या वाटा काढल्या. 2015 मध्ये मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना माणशी 5 किलो धान्य सुरू झाले. 2022 मध्ये त्यासाठीचा पुरवठा थांबला आणि 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यावर देण्याचे ठरले, पुढे ते 170 झाले. एवढ्या पैशांत बाजारात 5 किलो गहू कसाबसा येतो, तोही खात्यात पैसे वेळेवर आले तर. टाळेबंदीत शिक्का नसलेल्या केशरी कार्डांनाही काही महिने 8 रुपयांनी गहू आणि 12 रुपयांनी तांदूळ मिळाला. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, तिला कार्ड लागत नव्हते आणि हेच तिचे मोठेपण होते. 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा आनंदाचा शिधा आला, पण तो सणापुरता आणि तिजोरीच्या तब्येतीवर अवलंबून राहिला.

कायद्याच्या यादीतल्यांना केंद्राचे धान्य एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो जादा मिळत होते. डिसेंबर 2022 ला ते संपले आणि जानेवारी 2023 पासून कायद्याचे मूळ धान्य मोफत झाले. ‘धान्य फुकट झाले’ ही बातमी सगळीकडे पोहोचली. प्राधान्य कुटुंबाच्या घरात दर महिन्याला येणारे धान्य टाळेबंदीच्या मानाने निम्म्यावर आले, हे मात्र अनेकांना पिशवी उचलल्यावर कळले.

आता पुन्हा ई-केवायसीकडे. 2017-18 च्या सुमारास दुकानांत अंगठ्याचा ठसा जुळवून धान्य देणारे ई-पॉस मशीन आले तेव्हापासून ‘थम लागत नाही’ ही तक्रार आहे. ऊस तोडणाऱ्या, विटा थापणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्याच यंत्रणेने एक चांगली गोष्टही दिली. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एकमेकांच्या कार्डावर धान्य देण्याची सुरुवात झाली, पुढे ती देशभर पसरली. बीडचा तोडणी कामगार कर्नाटकातल्या फडावरही आपले धान्य उचलू शकतो. पण केवायसीची मुदत गावात लागते आणि माणसे सहा महिने गावाबाहेर असतात. मुदतीत अंगठा न देणारा प्रत्येक जण मेलेला किंवा बोगस नसतो. नाव बंद करण्याआधी ग्रामसभेत यादी वाचली गेली आणि दक्षता समितीने घरोघर विचारले, तर अशी नावे वाचतील. दोन्ही सोयी आधीपासून आहेत.

काढलेल्या नावांच्या जागी प्रतीक्षेतली घरे घेता येतात, पण तेवढीच. कायद्यात इष्टांक जनगणनेला बांधलेला आहे. 2021 ची जनगणना झाली नाही आणि पुढची मार्च 2027 हा संदर्भकाळ धरून होणार आहे. तिचे आकडे जाहीर होऊन राज्याला नवा इष्टांक मिळेपर्यंत अर्जदाराला जुन्या 7 कोटींतच कुणाची तरी जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते.