ओली हळद, हळकुंड आणि मधली काहील

ओली हळद मोडली की गाजर मोडल्यासारखा कटकन आवाज होतो आणि बोटांना लगेच पिवळा रस लागतो. हळकुंड हाताने मोडत नाही. ते खलबत्त्यात घालून वरून बत्ता मारावा लागतो. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली तर खणखणीत वाजतात, आणि फुटलेल्या जागी आतला गर शिंगासारखा चमकतो. एकाच कंदाची ही दोन रूपं. म्हणून पाककृतींमध्ये सर्रास लिहिलेलं असतं, ‘ओली हळद नसेल तर पाव चमचा हळद पूड घाला.’ हे वाक्य वाचलं की मला राहवत नाही. ओली हळद वाळवली म्हणजे हळकुंड झालं असं होत नाही. दोन्हींच्या मध्ये एक उकळती काहील, म्हणजे भलीमोठी कढई असते, आणि तिच्यातून बाहेर पडणारा पदार्थ आत गेलेल्या पदार्थापेक्षा वेगळा असतो.

माझं आजोळ सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे लागण झाली की आठ-नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून वाळतो आणि माघ-फाल्गुनात काढणी येते. हळदीला फुलं येतात, पण पेरण्याजोगं बी धरत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी तयार होताना त्यांची सरळ वाटणीच होत नाही. म्हणून दर वर्षी कंदच बेणं म्हणून ठेवावा लागतो. काढलेल्या हळदीतून जेठे गड्डे, म्हणजे मधले मूळ कंद, वेगळे केले जातात, लांब बोटांसारखी हळकुंडं वेगळी, आणि मग शिजवण सुरू होते. आता बहुतेक ठिकाणी वाफेवरचे कुकर आलेत. मी लहानपणी पाहिली ती चुलाण्यावरची मोठी काहील, वर हळदीचाच पाला आणि गोणपाट झाकलेलं. पाऊण ते एक तास उकळी, वर फेस, पांढरी वाफ आणि सगळ्या वस्तीभर तो वास. मामा एक हळकुंड काढून त्यात काडी टोचायचे. सहज शिरली की लगेच जाळ ओढायचा. कच्चं राहिलं तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ होतं, जास्त शिजलं तर रंग बिघडतो. त्या काडीवर वर्षाची कमाई ठरायची.

काहिलीत नेमकं काय होतं ते समजून घ्यायचं असेल तर ओली हळद आडवी चिरून भिंगातून पाहा. फिकट गरात गडद नारिंगी ठिपके दिसतात. रंग आणि सुगंधी तेल कंदभर सारखं पसरलेलं नसतं, ते ठरावीक पेशींत कोंडलेलं असतं. उकळीने त्या पेशी फुटतात आणि रंग आजूबाजूच्या गरात झिरपतो. म्हणून हळकुंड कुठेही फोडलं तरी आतून एकसारखं नारिंगी निघतं. दुसरीकडे गरातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याची खळ होते. ही खळ वाळली की घट्ट, काचेसारखी होते. हळकुंडाचा तो खणखणीत आवाज म्हणजे या वाळलेल्या खळीचा आवाज. शिवाय कंदाची जीवनशक्ती आणि त्यातली विकरं (एन्झाइम) संपतात, त्यामुळे त्याला कोंब फुटत नाही आणि तो लवकर, सारखा वाळतो.

मग दहा-पंधरा दिवस ऊन. इथे एक गंमत आहे. हळदीचा रंग उन्हाने उडतो. शर्टावर आमटी सांडली तर डाग धुवून कपडा कडक उन्हात टाकायचा हे घरोघरी माहीत असतं. मग उन्हात पडलेल्या हळकुंडाचा रंग का उडत नाही? साल आणि आतली घट्ट खळ त्याला राखते, आणि हळद पसरायचीही रीत असते. थर फार पातळ करायचा नाही, दोन-तीन इंच जाड ठेवायचा. पातळ पसरली तर रंगाला फटका बसतो. ओल्या कंदात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं, वाळून ते दहा टक्क्यांच्या खाली येतं. शंभर किलो ओल्या हळदीची वीस ते पंचवीस किलो सुकी हळद होते. शेवटी ड्रममध्ये पॉलिश, आणि माल सांगलीच्या बाजारात.

आता स्वयंपाकघर. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं. हा रंग १८१५ साली व्होगेल आणि पेल्तिए या दोघांनी वेगळा काढला, त्याची रेणूरचना मात्र १९१० मध्ये उलगडली. सुक्या हळदीत तो साधारण दोन ते पाच टक्के असतो. स्वयंपाकाच्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. पेलाभर पाण्यात हळद ढवळून ठेवा. पाणी पिवळं दिसेल, पण थोड्या वेळाने तळाशी गाळ बसेल. ते विरघळणं नव्हतं, नुसतं तरंगणं होतं.

पोह्यांत हे लख्ख दिसतं. फोडणीत हळद घालून वर भिजवलेले पोहे टाकले की दोन-चार परतण्यांत पोह्याचा दाणा न् दाणा एका रंगाचा होतो, कारण तेलात उतरलेला रंग तेलाबरोबर सगळीकडे फिरतो. तीच हळद विसरून नंतर ओल्या पोह्यांवर भुरभुरली तर एक घास पिवळाजर्द आणि दुसरा पांढरा, आणि तोंडात कच्च्या हळदीची मातकट चव. हळदीचा वास देणारी टर्मेरोन नावाची द्रव्यंही तेलात विरघळणारीच आहेत. तेव्हा फोडणीत हळद घालण्यामागे रसायनशास्त्र पक्कं आहे. फक्त क्रम सांभाळायचा. मोहरी तडतडते तेव्हा तेल दीडशे अंशांच्या पुढे गेलेलं असतं. पूड बारीक आणि कोरडी, ती त्या तेलात काही सेकंदांत करपते आणि कडू होते. म्हणून मोहरी, जिरं, हिंग झाल्यावर हळद, आणि लगेच कांदा किंवा भाजी.

ओल्या हळदीची गोष्ट इथे उलटी आहे. तिच्या किसात पाणी असतं, आणि ते पाणी उडून जाईपर्यंत किसाचं तापमान शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. म्हणून ती तेला-तुपात निवांत परतता येते, किंबहुना परतावीच लागते. गुजरातमध्ये हिवाळ्यात लीली हळदरचं शाक करतात, राजस्थानातही ओल्या हळदीची भाजी असते. भरपूर तुपात हळदीचा कीस मंद आचेवर परतायचा. आधी तडतड जोरात असते, म्हणजे पाणी उडतंय. ती तडतड मंदावली, कीस गडद नारिंगी झाला, कडेने तूप सुटलं की त्यातला कच्चा उग्रपणा गेला. मग कांदा-लसूण, मटार, दही. हा सगळा वेळ त्या कढईत काहिलीतलंच काम चाललेलं असतं. पेशी फुटतात, स्टार्च शिजतो, रंग तुपात उतरतो. हळद इथे मसाला म्हणून येत नाही, भाजी म्हणून येते. या पदार्थात हळद पूड घालून काय मिळणार?

वजनाचा हिशोब करायचाच तर तो सोपा आहे. लहान चमचाभर पूड म्हणजे तीनेक ग्रॅम, त्यासाठी बारा-पंधरा ग्रॅम ओली हळद, म्हणजे बोटाएवढा तुकडा. रंग साधारण तेवढाच येईल. वास मात्र तोच येणार नाही. ताज्या कंदातलं अल्फा-टर्मेरोन हे नाजूक द्रव्य आहे. उकळणं, वाळणं आणि साठवण यांत त्यातलं काही उडतं, काही हवेने बदलून एआर-टर्मेरोन होतं. ताजेपणाचा तो आल्यासारखा, जरा झणझणीत, फुलासारखा वास जातो आणि जुन्या लाकडासारखा खोल, उबदार वास येतो. आमटीला दुसरा हवा, लोणच्याला पहिला.

आमटीवरून आठवलं. कुकरमध्ये तूरडाळीबरोबर चिमूटभर हळद घालायची आपली सवय. त्या हळदीचं काय होतं, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोजलं आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. शिजवण्याच्या पद्धतीनुसार हळदीतलं २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन कमी झालं, आणि सगळ्यात जास्त घट दहा मिनिटं प्रेशरखाली शिजवल्यावर. डाळ सोबत असली तरी त्यात फरक पडला नाही. चिंच घातली तेव्हा मात्र घट १२ ते ३० टक्क्यांवर आली. आम्लात कर्क्युमिन टिकतं, हे त्याचं कारण. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण तो थेट रोजच्या आमटीबद्दल बोलतो. कुकरमध्ये हळद घालू नये असं मी म्हणणार नाही, वरणाचा तो सौम्य पिवळा रंग तिच्याशिवाय येणार नाही. पण हळदीचा स्वाद हवा असेल तर थोडी वरच्या फोडणीत राखून ठेवा, आणि मग चिंच किंवा आमसूल घाला.

आम्लात टिकणारा हा रंग अल्कलीत मात्र डळमळतो. आधी लाल होतो आणि मग मोडतो. पीएच सातच्या थोडाच वर असलेल्या, म्हणजे किंचित अल्कली पाण्यात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात नव्वद टक्क्यांच्या आसपास कर्क्युमिन विघटित होतं. ढोकळ्यावर कधी कधी लालसर ठिपके उमटतात, ते याचंच लक्षण. सोडा नीट न मिसळल्याने त्याचा कण जिथे राहिला तिथे हळद लाल झाली. पुढच्या वेळी सोडा लिंबाच्या रसात किंवा चमचाभर पाण्यात पूर्ण विरघळवून घाला, ठिपके दिसणार नाहीत. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो तेही याच कारणाने, आणि त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आपलं पारंपरिक कुंकू याच गुणावर उभं आहे. हळदीला चुना किंवा टाकणखार यांच्यासोबत मुरवून तो लाल रंग काढला जातो. देवघरातल्या दोन करंड्यांमधली ती दोन पावडरी मुळात एकाच कंदाच्या.

आता लोणचं, म्हणजे ओल्या हळदीचं खरं घर. पौष-माघात बाजारात ओली हळद दिसली की मी पाव किलो आणतेच. माती घासून धुवायची, साल चमच्याच्या कडेने खरवडायची, आणि चिरण्याआधी हातांना तेल लावायचं. रंग तेलात उतरतो, मग धुताना तेलाबरोबर निघून जातो. बारीक काड्या चिरून मीठ, भरपूर लिंबाचा रस, आल्याच्या काड्या, हिरवी मिरची, मोहरीची डाळ आणि वर गार केलेली फोडणी. लिंबामुळे रंग आठवडे न् आठवडे तेजस्वी राहतो, कच्चा उग्रपणा मुरताना निवतो, आणि त्या काड्यांचा करकरीतपणा टिकतो, कारण इथे स्टार्च शिजलेलाच नाही. किसण्यापेक्षा चिरणं मला पसंत आहे. किसलेल्या हळदीत जास्त पेशी फाटतात आणि लोणचं लवकर मऊ पडतं.

घेताना एक सांभाळा. आंबेहळद दिसायला अशीच, पण चिरली की आतून फिकट आणि वास थेट कैरीचा. ती हळदीच्या कुळातली वेगळी जात आहे. लोणच्याला सुरेख, रंगाला निरुपयोगी.

आणि पान. कंद तयार व्हायला अजून चार-पाच महिने असतात तेव्हा, श्रावण-भाद्रपदात, कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवल्या जातात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या सणाला पातोळ्या होतात. पानात पिवळा रंग नसतो आणि वासही कंदासारखा नसतो. पानाच्या तेलात टर्मेरोनऐवजी फेलँड्रीनचा भर असतो, म्हणून तो वास हिरवा, ताजा, थोडा औषधी. तांदळाच्या उकडीला तो पंधरा मिनिटांच्या वाफेत लागतो. हळद पूड घालून तो कधीच आणता येणार नाही.

औषधी गुणांबद्दल थोडंच लिहिते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या १९९८ च्या प्रसिद्ध प्रयोगात कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरीन दिल्यावर रक्तातलं त्याचं शोषण वीस पटींनी वाढलं. तेव्हापासून ‘हळदीत मिरपूड घाला’ हा सल्ला सर्वतोमुखी झाला. पण त्या प्रयोगातला डोस होता २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन. तीन टक्क्यांची हळद धरली तर तेवढ्यासाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद पूड लागेल, आणि आपल्या भाजीत पडते ती पाव चमचा. उलट शोषण वाढवलेल्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिकेत नोंदली गेली आहेत. स्वयंपाकातली हळद निर्धास्त खावी, गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

राहिली साठवण. ओली हळद पुसून कोरडी करून, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली की तीन-चार आठवडे सहज राहते. पूड अंधाऱ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि एका वेळी थोडीच दळून आणा, कारण दळल्यावर तेल उडायला आणि रंगाला उजेड लागायला मोकळी वाट मिळते. अख्खं हळकुंड मात्र वर्षानुवर्षं टिकतं. सांगलीजवळ हरिपूरला त्यासाठी जमिनीत पेवं होती. अरुंद तोंड, आत खोल पोट, हळद भरून वर मातीने बंद. आतला प्राणवायू संपत जातो, कीड जगत नाही, उजेड पोचत नाही. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. मामा सांगायचे, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवून थांबायचं, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा, आणि तो विझला नाही तरच माणूस उतरायचा.